दुसऱ्याच्या ट्रंपेटला तोंड लावू नये

मित्रांनो, लांबून पाहिलेत तर मी तुम्हाला मोठी पिपाणी वाटेन. जवळ आलात की कळेल, मी ट्रंपेट आहे. पितळेचा, वय झालेला, सांध्यांपाशी हिरवट पडलेला. पालघरकडच्या किनाऱ्यावरच्या नवापूरच्या एका घरात टीव्हीच्या वरच्या फळीवर माझी पेटी असते. समुद्र इतका जवळ आहे की भरतीच्या वेळी पेटीच्या आतही खारट ओल येते. त्या ओलीने आणि बोईसरच्या रासायनिक कारखान्यांकडून येणाऱ्या वाऱ्याने माझी चकाकी केव्हाच नेली. त्याची मला तक्रार नाही. आज मला माझ्याविषयी थोडे आणि कमलेशविषयी जास्त सांगायचे आहे, कारण त्याच्याशिवाय माझी गोष्ट अर्धीच राहते. माझी रचनाच तशी आहे.

माझा जन्म मेरठचा. तिथे बँडची वाद्ये घडवणाऱ्या कारागिरांच्या गल्ल्या आहेत. सरळ नळी वाकवण्याआधी त्यांनी माझ्यात तापवून पातळ केलेली राळ ओतली. राळ थंड होऊन घट्ट झाली, की नळी वाकवताना चेपत नाही. मग राळ पुन्हा वितळवून काढून टाकली. पुढच्या टोकाला त्यांनी ठोकून ठोकून फुलाच्या आकाराचे तोंड दिले आणि मधे तीन खटके बसवले. खटका दाबला की आतली हवा जास्तीच्या नळीतून फिरून येते. वाट लांबली की सूर खाली उतरतो. मला उलगडून सरळ उभे केले, तर मी उंच माणसाच्या खांद्यापर्यंत येईन.

पण इतके सगळे असूनही मी एकटा मुका आहे. सनईच्या तोंडाशी पत्ती असते. क्लॅरिनेटला वेताची पत्ती बांधतात. हवा गेली की पत्ती थरथरते आणि त्या थरथरीचा सूर होतो. माझ्यात पत्ती नाही. वाजवणारा आपले ओठ माझ्या माउथपीसवर, म्हणजे तोंडाशी बसवायच्या छोट्या वाटीवर टेकवतो, मिटतो आणि त्यांच्यामधून हवा सोडतो. ते ओठच थरथरतात. म्हणजे माझा सर्वांत महत्त्वाचा भाग माणसाच्या चेहऱ्यावर असतो, आणि त्याची काळजी घेणे माझ्या हातात नसते.

मला पहिल्यांदा विकत घेतले ते अंकुश मास्तरांनी. ते कराडकडचे. फौजेच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवत आणि त्या वेळी त्यांची पलटण मेरठला होती. सरकारी वाद्य वेगळे होते; मी त्यांचा स्वतःचा. निवृत्तीनंतर त्यांना तारापूरच्या वीज केंद्रात सुरक्षा रक्षकाची नोकरी लागली आणि आम्ही बोईसरला आलो. पुढे नोकरीही संपली, पत्नी वारली, पण मास्तर बोईसरलाच राहिले. संध्याकाळी ते खिडक्या लावून घेत, माझ्या तोंडात टॉवेल कोंबत, आणि शेजाऱ्यांना त्रास होणार नाही इतक्या दबक्या आवाजात वाजवत.

कमलेश त्यांच्याकडे आला तेव्हा विशीतला होता. नवापूरच्या मासेमारी करणाऱ्या घरातला मुलगा. वडिलांची होडी विकली गेल्यावर तो बोईसरला एका कंपनीत पॅकिंगला जाऊ लागला होता, आणि लग्नसराईत गावच्या जयसागर ब्रास बँडमध्ये ट्रंपेट वाजवत होता. नुसते ऐकून वाजवायचा. त्याला स्वरलिपी वाचायला शिकायची होती.

मास्तरांनी विचारले, "गाल का फुगवतोस?"

"जोर येतो ना मास्तर."

"जोर पोटातनं येतो. गालात हवा धरणारा म्हंजे पिशवीत पाणी धरणारा. परत."

असे ते सुरू झाले. मास्तरांचा दमा वाढला तेव्हा त्यांनी मला कमलेशच्या हाती दिले. देताना दोन गोष्टी सांगितल्या. रोज पुसायचा. आणि दुसऱ्याच्या ट्रंपेटला कधी तोंड लावायचे नाही, आपल्या ट्रंपेटला दुसऱ्याला लावू द्यायचे नाही. फौजेत त्यांच्या एका बराकीत क्षयाची साथ आली होती. तेव्हापासून त्यांनी हा नियम धरला होता. माउथपीस काढता येतो, हे खरे. पण वाजवणाऱ्याची लाळ नळीत पार आतपर्यंत उतरते. कमलेशने हा नियम नवापूरला नेला. बँडमधल्या सगळ्यांना तो पटला, कारण उष्ट्याची भावना त्यांच्याकडे आधीपासून होतीच. करोनानंतर तर तो देवाच्या शब्दासारखा झाला. प्रत्येकाचे वाद्य फक्त त्याचे. गुरूला तेवढी मोकळीक.

नियम चांगला होता, मित्रांनो. शास्त्राला धरून होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे झाले ते या चांगल्या नियमाच्या आडोशाने झाले.

ती वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची. लग्नाच्या आदल्या रात्रीच्या हळदी, वराती, गावदेवीची जत्रा. नारळी पौर्णिमेला बंदरावर मिरवणूक जायची, तेव्हा बँडच्या अगदी पुढे कमलेश असायचा. आमच्या गावाची एक रीत आहे. मानाचा नारळ हातातून सुटला, की ट्रंपेटवाल्याने एक उंच सूर धरायचा आणि नारळ लाटेवर दिसेनासा होईपर्यंत तो तुटू द्यायचा नाही. लोक नारळाकडे बघत, आणि कान माझ्याकडे असत.

रविवारी कमलेश मला घेऊन मास्तरांकडे जायचा. शिकवून झाले की मास्तर फोनवर मोठमोठ्या ट्रंपेटवाल्यांचे वाजवणे लावत. आधी लुई आर्मस्ट्राँग. न्यू ऑर्लिन्सच्या गरीब वस्तीतला मुलगा. सुधारगृहात असताना तिथल्या बँडमध्ये शिकला आणि पुढे जाझ संगीताचा चेहराच बदलून गेला. मग मॉरिस आंद्रे, फ्रान्सचा. वडील खाणकामगार, स्वतःही कोवळ्या वयात कोळशाच्या खाणीत राबलेला. पुढे पाश्चात्य शास्त्रीय संगीतात ट्रंपेटला एकट्याने मंचावर उभे करणारा. त्याने वाजवलेला अठराव्या शतकातल्या हायडनचा कन्चेर्टो, म्हणजे एका वाद्याला पुढे ठेवून वाद्यवृंदासाठी लिहिलेली रचना, मास्तरांना फार प्रिय होता. हायडनने तो लिहिला, तेव्हा माझ्यासारखे खटकेही नव्हते. त्याच्या एका मित्राने नळीला भोके पाडून त्यांवर झडपा बसवलेला ट्रंपेट काढला होता, त्याच्यासाठी ते संगीत लिहिले गेले. मधला संथ भाग सुरू झाला, की मास्तर डोळे मिटून घेत.

"आपला कोण नाय यात?" कमलेशने एकदा विचारले.

"आहे की. चिक चॉकलेट. गोव्याचा माणूस. मुंबईच्या हॉटेलात वाजवायचा, सिनेमात वाजवायचा. त्याला इथला आर्मस्ट्राँग म्हणायचे."

"नाव काय मस्त हाय. मी काय ठेवू, बोंबील?"

"आधी वरचा सा लाव. मग नाव ठेव."

कमलेशला या लोकांच्या सुरांइतक्याच त्यांच्या दुखण्यांच्या गोष्टी आवडत. आर्मस्ट्राँग माउथपीस इतका दाबून धरायचा, की त्याचे ओठ फाटत. त्यावर वण होते. ओठाच्या स्नायूला होणाऱ्या अशा दुखापतीला पुढे डॉक्टरांनी त्याचेच टोपणनाव दिले. चेट बेकर म्हणून एक अमेरिकन होता, हळुवार वाजवणारा. मारहाणीनंतर त्याचे पुढचे दात गेले. कवळी बसवून, अगदी पहिल्या सुरापासून, तो पुन्हा शिकला आणि परत मंचावर आला. हे ऐकताना कमलेशची बोटे माझ्या खटक्यांवर घट्ट व्हायची. वेदना आली म्हणजे आपण खरे वाजवणारे झालो, असे काहीतरी त्याच्या मनात रुजत गेले. मास्तरांनी तसे कधी शिकवले नव्हते.

आता त्या गोष्टीकडे येतो, जी सांगायला मला जड जाते.

वरात तासन्तास चालते. वाजवणाऱ्याचे तोंड सुकते, आणि सुकलेला ओठ थरथरत नाही. यावर जयसागर बँडमध्ये एक उपाय होता. मावा. सुपारी, तंबाखू, चुना एकत्र चोळून केलेली ती गोळी गालात ठेवायची. तोंडाला पाणी सुटते, झोप उडते. ट्रंपेट वाजवणारे तर म्हणत, मावा ठेवला की ओठ तयार राहतो. कमलेश तो डाव्या गालात ठेवायचा आणि तसाच वाजवायचा. दुसरा ट्रंपेट वाजवणारा निमेश त्याच्याहून लहान. त्याने कमलेशला पाहून उजव्या गालात ठेवायला सुरुवात केली. माझ्या नळीत साचणारे पाणी काढण्यासाठी खाली एक छोटी चावी असते. आधी त्यातून स्वच्छ थेंब पडत. मग ते तांबूस पडू लागले.

काही वर्षांनी मला फरक जाणवू लागला. कमलेशचे ओठ मला पाठ होते. ते मऊ असत, आणि हवे तेव्हा तारेसारखे ताणले जात. आता ते चामड्याच्या वादीसारखे चिवट लागू लागले. उंच सुराला तो आधी नुसता श्वास लावायचा. आता मला दातांवर दाबू लागला. ओठांच्या कोपऱ्यातून हवा फिस्स करून निसटायची.

फळीवरून मला घरातले बोलणेही ऐकू यायचे.

"तिखट किती घातलंय यात? आग आग होते तोंडाची," तो जेवताना म्हणायचा.

"तिखट कुठं हाय? पोरगी खाते गपचूप," दीपा, त्याची बायको, म्हणायची. "तुमालाच काय झालंय? कालवणातली कोलंबी धुवून खाता. बाजारात सांगितलं तर बायका हसतील मला."

"ट्रंपेटवाल्याचं तोंड असंच असतं. आर्मस्ट्राँगचा ओठ फाटायचा, ठावं हाय?"

"तो मावा खायचा काय?"

यावर तो ताट बाजूला सारायचा.

सूर घसरू लागला तेव्हा सगळ्यांचे बोट माझ्याकडे वळले. मी जुना होतो, माझ्या अंगावर पोचे होते, त्यामुळे ते सोपेच होते. निमेश म्हणाला, "दादा, याचा खटका गळतोय बघ. हवा खातोय." कमलेशने मला पालघरला नेले. तिथे झाळकाम करणारा एक भला माणूस होता. त्याने धडधाकट असलेला सांधा वितळवून पुन्हा झाळला. मग नवा माउथपीस आला. मग दुसरे तेल. एकाने सांगितले म्हणून खटक्यांना खोबरेल लावले. हिवाळ्यात ते थिजले आणि खटके चिकटू लागले, आणि तो दोषही माझ्याच नावावर चढला. प्रत्येक दुरुस्तीनंतर कमलेशचा चेहरा उजळायचा. चार दिवस तो नव्या उमेदीने फुंकायचा. मग पुन्हा तेच.

मित्रांनो, बँडमध्ये आणखी एक ट्रंपेटवाला होता. त्याने एकदा, फक्त एकदा मला ओठांना लावले असते, तर मी खणखणीत वाजलो असतो आणि सगळा उलगडा तिथल्या तिथे झाला असता. पण दुसऱ्याच्या ट्रंपेटला तोंड लावायचे नसते. निमेशने मला हातात घेऊन उलटसुलट पाहिले, खटके दाबले, कानाशी धरून हलवले. ओठ काही लावले नाहीत. तो आदर होता.

मास्तरांनी मात्र एका फुंकरीत ओळखले असते. ते त्या वर्षी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी कराडला मुलीकडे गेले होते आणि तिने त्यांना लवकर सोडले नाही. ते परत आले नारळी पौर्णिमेच्या सुमाराला. कमलेशने त्यांना बंदरावर बोलावले.

मिरवणूक बंदरावर पोहोचली. पाण्याला ओढ होती. बायका नव्या लुगड्यांत, होड्यांवर पताका. मानाचा नारळ सुटला आणि कमलेशने सूर धरला. मला त्याचा श्वास आत येताना कळला, भरपूर होता. ओठ थरथरायला हवे होते तिथे ते नुसते उघडले. सूर चिरकला, एकदा पुन्हा सावरला आणि तुटला. नारळ अजून लाटेवर दिसत होता.

कुणीतरी हसले. एका होडीचा म्हातारा नाखवा म्हणाला, "काय रे कमल्या, ट्रंपेट हाय का फुटका भोंगा?" दुसरा म्हणाला, "नारळाच्या आधी सूर बुडाला. आता वरीसभर मासळी भेटली तर बघ." तो चेष्टेत म्हणाला असेल, पण मागे उभ्या असलेल्या बायकांचे चेहरे चेष्टेचे नव्हते.

"मी काय करू?" कमलेश म्हणाला. "याचंच सडलंय सगळं." आणि त्याने मला धक्क्याच्या दगडावर आपटले.

माझे फुलासारखे तोंड एका बाजूने दुमडले. पितळेला वेदना होत नाहीत असे तुम्ही शिकला असाल. मी त्यावर वाद घालणार नाही.

गर्दीतून मास्तर पुढे आले आणि त्यांनी मला उचलले.

"वाद्य आपटतोस?"

"वाद्य कुठं राह्यलं मास्तर. डबा झालाय."

"डबा हाय का काय ते मी बघतो," मास्तर म्हणाले आणि मला धोतराच्या सोग्याने पुसत बोईसरला घेऊन गेले.

घरी त्यांनी मला कोमट पाण्याने अंघोळ घातली. आतून फडका ओढला. जुने चिकट खोबरेल रॉकेलने काढले. मग पद्धतशीर तपासणी केली. खटका न दाबता त्याची नळी बाहेर ओढायची. गळती नसेल, तर मग खटका दाबताच फट्ट असा आवाज येतो. तिन्ही नळ्यांनी फट्ट म्हटले. कुठेही गळती नव्हती. शेवटी त्यांनी मला ओठांना लावले. दम्याने छाती भरलेली, दात निम्मे पडलेले, कित्येक दिवसांचा सराव सुटलेला. आणि तरी मी वाजलो. दुमडलेल्या तोंडानेही सूर सरळ गेला, टॉवेल कोंबला नव्हता म्हणून पार समोरच्या इमारतीपर्यंत.

मास्तरांनी मला मांडीवर ठेवले. मग त्यांनी फोन केला.

कमलेश दुसऱ्या दिवशी कंपनीतून परस्पर आला. "सापडली काय गळती?" त्याने दारातूनच विचारले.

"सापडली."

"कुठं? तिसऱ्या खटक्यात ना? मी बोललेलो निमेशला."

"बस इथं. तोंड उघड."

"माझं?"

"मग काय ट्रंपेटचं? त्याचं बघून झालं. उघड."

कमलेशने तोंड उघडले.

"अजून."

"येवढंच हाय."

"तुझी तीन बोटं अशी एकावर एक धर आणि उभी घाल दातांत."

कमलेश हसला. त्याला वाटले, हा एखादा नवा सराव आहे. त्याने बोटे लावली. एक गेले. दुसरे अर्ध्यावर अडले. त्याने जोर केला आणि डोळ्यांत पाणी आले.

"कधीपासनं हाय हे?"

"काय माहीत. बोटं कोण घालून बघतो, मास्तर?"

मास्तरांनी टॉर्च घेतला. डाव्या गालाच्या आत पांढरट पट्टे होते, आणि मागच्या बाजूला एक जखम, तिच्या कडा उंच. मास्तर डॉक्टर नव्हते. पण त्यांच्या पलटणीतल्या एका ड्रमवाल्याचे असेच तोंड त्यांनी पाहिले होते.

"ट्रंपेट दुरुस्त करत बसलास वर्षभर," ते म्हणाले. मग थांबून, हळू आवाजात, "आणि मीच शिकवलं होतं, कुणी कुणाचा वाजवायचा नाही."

कमलेश माझ्याकडे बघत राहिला. त्याने माझ्या दुमडलेल्या कडेवरून बोट फिरवले आणि जाताना मला घरी आणले.

पुढचे मी ऐकीव सांगतो, कारण मला नेले नव्हते. सुपारीने गालाच्या आतले मऊ आवरण वर्षानुवर्षे घट्ट होत जाते, दोरखंडासारखे पट्टे बनतात, तोंड उघडेनासे होते, शीळ घालता येत नाही. हे ज्याला पहिल्यांदा कळायला हवे, तो फुंकून वाजवणारा माणूस; आणि त्यालाच ते वाद्याचे दुखणे वाटले. सुरुवातीला मावा सोडून उपचार केले असते, तर कदाचित तिथेच थांबले असते. कमलेशच्या बाबतीत ते पुढे गेले होते. कर्करोग झाला होता. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात त्याचा डावा गाल आणि जबड्याचा काही भाग काढावा लागला. मांडीचे कातडे तिथे बसवले.

तो रुग्णालयात असताना दीपा कपडे न्यायला घरी आली होती. तिने माझी पेटी उतरवली. मला वाटले, पुसणार. तिने मला समोर धरले आणि म्हणाली, "तूच खाल्लास त्यांचा गाल." तिचा राग खरा होता, फक्त पत्ता चुकला होता. मी तो घेतला. थोड्या वेळाने ती चिंच घेऊन आली आणि देवाचे तांबे घासतात तसे तिने मला घासले, जोर लावून, रडत. माझ्यावर लाखेचा पातळ थर राहिला होता, तोही त्यात गेला. त्या दिवशी मी खूप चमकलो. आठवड्यात काळा पडलो.

कमलेश घरी आला तेव्हा त्याचा चेहरा एका बाजूला ओढलेला होता. बोलणे फक्त दीपाला आणि मुलीला कळे. पेज प्यायचा. काही महिन्यांनी, घरात कुणी नसताना, त्याने मला ओठांना लावले. ओठ होते. पण डावा कोपरा मिटत नव्हता. हवा माझ्यात आलीच नाही, बाजूनेच गेली. त्याने हाताने तो कोपरा दाबून धरला आणि पुन्हा फुंकले. पुन्हा तेच. मी त्याच्यासाठी काय केले नसते. पण माझ्यात पत्ती नाही, मित्रांनो.

मास्तर भेटायला आले, तेव्हा त्याने अस्पष्ट शब्दांत विचारले. मास्तरांना दोनदा ऐकावे लागले. तो म्हणत होता, "बेकरला दात नवते. तरी वाजवला. मी पण शिकतो. पहिल्यापासनं."

मास्तरांनी त्याचा हात धरला. "दात बसवता येतात, पोरा. कवळी करता येते. गालातला तो स्नायू कुठनं आणू मी?"

कमलेशने मान हलवली. पुढे त्याने कधी विचारले नाही. मास्तर त्या दिवशी माझ्याकडे न बघता गेले.

मी फळीवर राहिलो. दीपा आता कंपनीत जाते. कमलेश घरी जाळी विणतो. बोटे त्याची अजून चलाख आहेत.

या लग्नसराईत निमेश आला. त्याचा ट्रंपेट टेम्पोतून पडून चाकाखाली आला होता, आणि संध्याकाळी वरात होती. तो दारात घुटमळत उभा राहिला.

"दादा, मागायला लाज वाटते. पण तुजा ट्रंपेट... माजा माउथपीस लावीन. नंतर गरम पाण्यानं धुवून देतो. तुला चालेल तरच."

दीपाने कमलेशकडे पाहिले. मीही. कमलेश उठला, त्याने पेटी उतरवली, मला बाहेर काढले आणि निमेशच्या पुढे धरले. निमेशने हात पुढे केला. पण कमलेशने सोडले नाही. त्याने मला काखेत घेतले आणि आपली तीन बोटे उभी धरून निमेशच्या तोंडाकडे दाखवली.

"काय बोलतो?" निमेशने विचारले.

"बोटं घाल बोलतात. तोंडात. तीन," दीपा म्हणाली.

"आता? वरातीला उशीर होतो, वैनी. नवरा तयार बसलाय."

कमलेश हलला नाही.

निमेश हसला, त्याने बोटे लावली. दोन गेली. तिसरे दातांवर अडले. त्याने बोटे बाहेर काढून त्यांच्याकडे पाहिले, जणू ती जाड झाली असावीत.

"माजं तोंडच बारीक हाय लहानपणापासनं," तो म्हणाला. "आये बोलायची."

त्याच्या उजव्या गालात त्या क्षणीही मावा होता. तो हळूहळू दाराबाहेर गेला, थुंकला आणि परत आत येऊन खाली बसला.

"जेवताना आग होते काय?" दीपाने विचारले.

निमेशने मान खाली घातली. "थोडी. मला वाटलं ट्रंपेटनं."

कमलेशने मला पेटीत ठेवले आणि पेटी बंद केली. मग स्कूटरची किल्ली घेतली. निमेश म्हणाला, "उद्या जाऊ ना दादा, आज वरात..." कमलेशने एक शब्द उच्चारला. तो मला बंद पेटीतूनही स्पष्ट कळला. "आज."

ते गेले. दीपाने बँडमध्ये निरोप पाठवला. अंधार पडायच्या आधी वरात आमच्या गल्लीवरून निघाली. ढोल होता, क्लॅरिनेट होते, झांज होती. उंच सुराची जागा आली, की बँड तिथे एक क्षण रिकामा चालत होता. लोकांना ते कळलेही नसेल. मला प्रत्येक वेळी कळत होते. कमलेश आणि निमेश तेव्हा बोईसरच्या डॉक्टरांच्या बाकावर बसलेले होते, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे मागत होतो की आजची रात्र मी मुकाच राहावे.

निमेशचे काय होईल ते मला ठाऊक नाही. डॉक्टर म्हणाले, लवकर आलात. मावा आजपासून बंद. तो तोंड उघडण्याचे व्यायाम करतो, कधीकधी आमच्याकडे येऊन, कमलेशच्या समोर. त्याच्या तिसऱ्या बोटाला अजून जागा झालेली नाही.

मित्रांनो, तुम्ही आपल्या वस्तू जपता. तेल घालता, धुता, आवाज बदलला की दुरुस्तीला नेता. त्याबद्दल आम्ही वस्तू तुमचे ऋणी आहोत. पण आमचा आवाज बदलला, तर एकदा आम्हाला खाली ठेवा आणि वाजवणाऱ्याला उजेडात आणा. आम्हाला झाळ लावता येते, पोचे काढता येतात. घरात कुणी सुपारी किंवा मावा खात असेल, तर आज जेवण झाल्यावर त्याला तीन बोटे लावायला सांगा. तो हसेल. हसू द्या. बोटे आत जातात की नाही, तेवढे मात्र बघून घ्या.